ट्रूनॅसचं कॉन्फिगरेशन: फाइल कशी उतरवायची, कुठे ठेवायची आणि नव्या बूट डिस्कवर कशी चढवायची

ट्रूनॅस, म्हणजे फाइल साठवणाऱ्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टम, नव्याने वापरणाऱ्यांचं सगळं लक्ष डेटाच्या डिस्कवर असतं. मिरर किंवा रेडझेड (एखादी डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशी मांडणी) लावलं, स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची नोंद) सुरू केले, की काम झालं असं वाटतं. पण यूजर, ग्रुप, शेअर, नेटवर्कचा पत्ता, स्नॅपशॉट आणि रेप्लिकेशनची (स्नॅपशॉट दुसरीकडे पाठवण्याची) वेळापत्रकं, क्लाउड सिंकची लॉगिन, सर्टिफिकेट, मेल अलर्ट यातलं काहीही त्या डिस्कवरून चालत नाही. ते सगळं बूट डिस्कवरच्या, म्हणजे जिच्यावरून सर्व्हर सुरू होतो तिच्यावरच्या, एका छोट्या डेटाबेसमध्ये असतं. आणि बहुतेकांची बूट डिस्क एकच असते, तीही हाताशी होती म्हणून लावलेली एखादी जुनी एसएसडी, नाहीतर चक्क पेनड्राइव्ह.

ती बंद पडली तर डेटा जागच्या जागी राहतो, पण तिथपर्यंत पोचायची सगळी मांडणी नव्याने करावी लागते. त्यात डेटासेट (डेटाच्या डिस्कवरचा वेगळा विभाग) एन्क्रिप्टेड असेल आणि किल्ल्या बाहेर काढून ठेवल्या नसतील, तर धडधाकट डिस्क समोर असूनही त्यातलं काहीच वाचता येत नाही. म्हणून हे आधीच पक्कं करा: कॉन्फिगरेशनची फाइल, तिचं सीड (तिच्यातले पासवर्ड उघडणारी गुप्त फाइल) आणि डेटासेटच्या किल्ल्या या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही सर्व्हरच्या बाहेर असतील तेव्हाच बॅकअप झाला म्हणायचं.

खाली दिलेले मेनू डेबियनवर चालणाऱ्या ट्रूनॅसचे आहेत, ज्याला आधी ट्रूनॅस स्केल म्हणत. फ्रीबीएसडीवरच्या ट्रूनॅस कोअरमध्ये बटणांची नावं आणि जागा थोड्या वेगळ्या आहेत, पण क्रम आणि धोके तेच.

काय काय हाताशी हवं:

- अॅडमिन लॉगिन आणि वेब इंटरफेस उघडेल असा दुसरा कॉम्प्युटर
- पासवर्ड मॅनेजर, किंवा फाइल पासवर्डखाली ठेवता येईल अशी दुसरी सोय
- सर्व्हरच्या बाहेरची जागा: वेगळी डिस्क, दुसरं मशीन किंवा क्लाउड
- तुम्ही वापरता त्याच व्हर्जनची इन्स्टॉलर फाइल आणि ती लिहायला एक पेनड्राइव्ह
- सर्व्हरला लावता येईल असा मॉनिटर आणि कीबोर्ड
- नवी बूट डिस्क. किमान १६ जीबी लागते, आणि पेनड्राइव्हपेक्षा एसएसडीच घ्या

मॉनिटर-कीबोर्डची बरेच जण तयारी ठेवत नाहीत. ते का लागतात ते पायरी ७ मध्ये कळेल.

१. फाइलमध्ये काय येतं आणि काय येत नाही

वेब इंटरफेसमध्ये तुम्ही जे जे भरलंत, ते जवळजवळ सगळं येतं: यूजर-ग्रुप, एसएमबी आणि एनएफएस शेअर, आयस्कझी (हे तिन्ही नेटवर्कवरून साठा वापरू देण्याचे प्रकार), नेटवर्क, सर्व्हिसेस, क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), स्नॅपशॉट-रेप्लिकेशन-क्लाउड सिंकची कामं, सर्टिफिकेट, अलर्टच्या सेटिंग.

पूलवरच्या (डेटाच्या डिस्क एकत्र करून बनलेल्या साठ्यावरच्या) फाइल येत नाहीत. अॅपचा डेटा आणि व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क पूलवरच असतात, त्याही येत नाहीत. फोल्डरवरच्या परवानग्याही येत नाहीत. त्या झेडएफएसमध्ये (ट्रूनॅसच्या फाइलसिस्टममध्ये) फाइलसोबतच नोंदलेल्या असतात, म्हणून पूल शाबूत असेल तर त्याही शाबूत. शेलमधून बूट डिस्कवर हाताने केलेले बदल किंवा तिथे ठेवलेल्या स्क्रिप्ट मात्र कायमच्या जातात. स्क्रिप्ट लिहीत असाल तर त्या पहिल्या दिवसापासून पूलवरच्या एखाद्या डेटासेटमध्ये ठेवा.

थोडक्यात, ही फाइल म्हणजे डेटाचा बॅकअप नाही. तो वेगळा घ्यायचाच.

२. फाइल उतरवा, सीडसकट

सिस्टम, मग जनरल सेटिंग्जमध्ये (काही व्हर्जनमध्ये अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये) जा. वर मॅनेज कॉन्फिगरेशन असं बटण आहे. त्यात डाउनलोड फाइल, अपलोड फाइल आणि रीसेट टू डिफॉल्ट्स असे पर्याय एकाखाली एक आहेत. तिसऱ्या पर्यायापासून बोट लांब ठेवा.

डाउनलोड फाइल निवडलं की एक छोटी खिडकी उघडते. तिच्यात एकच चौकट असते: एक्सपोर्ट पासवर्ड सीक्रेट सीड. तिच्यावर खूण करा, मगच सेव्ह करा.

या चौकटीवर थोडं थांबूया, कारण सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. डेटाबेसमधल्या गुप्त नोंदी, म्हणजे क्लाउडची लॉगिन, मेलचा पासवर्ड, सर्टिफिकेटच्या खासगी किल्ल्या, एन्क्रिप्टेड डेटासेटच्या जपून ठेवलेल्या किल्ल्या, या उघड लिहिलेल्या नसतात. त्या एका सीडने कुलूपबंद केलेल्या असतात, आणि ते सीड डेटाबेसच्या आत नसून बूट डिस्कवर वेगळ्या फाइलमध्ये असतं. त्याच बूट डिस्कवर त्याच इन्स्टॉलेशनमध्ये फाइल परत चढवलीत तर सीड तिथे असतंच, त्यामुळे फरक जाणवत नाही. फरक जाणवतो तो नव्या बूट डिस्कवर. तिथे जुनं सीड नसतं, गुप्त नोंदी वाचता येत नाहीत आणि पासवर्ड रीसेट होतात. तुम्हाला बॅकअपची गरज नेमकी नव्या बूट डिस्कवरच पडणार आहे. तेव्हा सीडशिवायची फाइल घेण्यात अर्थ नाही.

सीडसकट उतरवलेली फाइल टार प्रकारची असते, सीडशिवायची नुसती डीबी. एक्स्टेन्शन बघूनच कळतं की खूण करायची राहिली की नाही. फाइलच्या नावात सर्व्हरचं नाव, व्हर्जन आणि तारीख आपोआप येते. ते नाव बदलू नका. पुढे व्हर्जन जुळवायला त्याचाच आधार आहे.

३. उतरवलेली फाइल उघडून बघा

डाउनलोड फोल्डरमध्ये फाइल दिसली म्हणजे ती नीट आली असं नाही. टार फाइल अनझिप करणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅमने उघडते. आत दोन गोष्टी दिसायला हव्यात. एक डेटाबेस, ज्याच्या नावाची सुरुवात अजूनही ‘फ्रीनॅस’ने होते. २०२० साली फ्रीनॅसचं ट्रूनॅस कोअर झालं, पण या फाइलचं नाव तेच राहिलं, त्यामुळे चुकीची फाइल आली असं समजू नका. दुसरी ‘पीडब्ल्यूईएनसी सीक्रेट’ नावाची इवलीशी फाइल: तेच सीड. एसएसएचच्या किल्ल्या लावल्या असतील तर त्यांचीही फाइल सोबत दिसेल. डेटाबेसचा आकार शून्य नाही एवढं बघा आणि बंद करा. आतलं काही बदलू नका.

४. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या वेगळ्या काढा

डेटासेट एन्क्रिप्टेड नसतील तर पुढच्या पायरीवर जा.

असतील, तर डेटासेट्स या पानावर पूलचा सगळ्यात वरचा डेटासेट निवडा. झेडएफएस एन्क्रिप्शनच्या भागात एक्सपोर्ट ऑल कीज असा पर्याय आहे. त्यातून एक जेसन फाइल उतरते, आणि पूलमधल्या किल्लीवाल्या डेटासेटच्या किल्ल्या तिच्यात असतात. पूल एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकासाठी हे करा.

कोणी म्हणेल, किल्ल्या डेटाबेसमध्ये आहेतच, सीडही घेतलं, मग हा उद्योग कशाला? कारण टार फाइल बिघडली, हरवली किंवा जुनी निघाली, तर शेअर हाताने पुन्हा बनवता येतात, किल्ली मात्र कुठूनच बनवता येत नाही. ती देणारी कुठलीही कंपनी किंवा सपोर्ट लाइन नाही.

किल्लीऐवजी पासफ्रेज लावला असेल तर तो कुठेच साठवला जात नाही. दर रीबूटनंतर तो तुम्हालाच टाकायचा असतो, तेव्हा तो पासवर्ड मॅनेजरमध्ये असायलाच हवा. आणि किल्ली किंवा पासफ्रेज बदललात की त्याच बैठकीत नवी प्रत काढा. जुनी जेसन फाइल त्यानंतर निरुपयोगी असते.

५. चार ओळी कागदावर

काही माहिती कुठल्याही फाइलपेक्षा कागदावर असलेली बरी, कारण सर्व्हर बंद असताना तीच लागते:

- प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर आणि ती कुठल्या पूलमध्ये आहे. स्टोरेजमधल्या डिस्कच्या यादीत हे सगळं एकत्र मिळतं
- बूट डिस्क कुठली, तिचा सिरियल नंबर
- सर्व्हरचा आयपी पत्ता, गेटवे, डीएनएस, आणि केबल कुठल्या नेटवर्क पोर्टला लावली आहे
- ट्रूनॅसचं नेमकं व्हर्जन, टिंबापुढच्या आकड्यांसकट
- यूजरची नावं आणि त्यांचे यूआयडी, जीआयडी (यूजर आणि ग्रुपचे आकडे)

शक्य असेल तर डिस्कच्या दर्शनी बाजूला सिरियलचे शेवटचे चार आकडे चिकटवून ठेवा.

६. कुठे ठेवायची, आणि नवी केव्हा घ्यायची

सर्व्हरवरच्याच शेअरमध्ये ठेवलेली फाइल बॅकअपमध्ये धरू नका. ती हवी असेल तेव्हा तो शेअर बंद असणार. एक प्रत रोज वापरता त्या कॉम्प्युटरवर आणि एक इमारतीबाहेर, एवढं किमान हवं.

सीड असलेली फाइल ज्याच्या हाती पडेल त्याच्या हाती तुमचे पासवर्डही पडतात. म्हणून स्वतःला मेल करून ठेवू नका, चॅटवर पाठवू नका. पासवर्ड लावलेल्या आर्काइव्हमध्ये किंवा पासवर्ड मॅनेजरच्या अटॅचमेंटमध्ये ठेवा.

नवी फाइल दोन वेळी घ्या. एक, काहीही महत्त्वाचं बदललंत की: नवा शेअर, नवा यूजर, नवं वेळापत्रक. दोन, अपडेट करण्याआधी. अपडेट सुरू करताना ट्रूनॅस स्वतःच कॉन्फिगरेशन सेव्ह करायला सुचवतं. तिथे घाईने पुढे जाऊ नका.

अपडेटनंतर जुनं व्हर्जन बूट एन्व्हायर्नमेंट म्हणून शिल्लक राहतं आणि त्यावर परत जाता येतं, हे खरं आहे. पण ते असतं त्याच बूट डिस्कवर, आणि त्यात अपडेटच्या क्षणापर्यंतचीच सेटिंग असतात. शिवाय अपडेटनंतर पूल अपग्रेड करण्याची सूचना दिसते, तिला लगेच होकार देऊ नका. पूलची नवी वैशिष्ट्यं एकदा चालू केलीत की जुन्या व्हर्जनला तो पूल उघडता येईलच असं नाही, आणि मागे जायचा रस्ता बंद होतो. नवं व्हर्जन नीट चालतंय याची खात्री झाल्यावर ते निवांत करता येतं.

७. नव्या बूट डिस्कवर चढवणं

हे शांतपणे, एका बैठकीत करायचं काम आहे. घाई झाली तर दोन ठिकाणी खरोखर डेटा जाऊ शकतो. ती दोन्ही ठिकाणं खाली येतातच.

*आधी बंद करा.* जुनी बूट डिस्क अजून चालत असेल तर सर्व्हर नीट शटडाउन करा. पूल एक्सपोर्ट करायची गरज नाही. उलट, एक्सपोर्टच्या खिडकीत दोन धोकादायक चौकटी असतात: एक पूलवरचा डेटा नष्ट करणारी, दुसरी त्या पूलशी जोडलेली शेअर वगैरेची सेटिंग पुसणारी. कधी एक्सपोर्ट करावंच लागलं तर दोन्ही चौकटी रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा. कुठलीही खूण आधीपासून असेल तर काढा.

*डेटाच्या डिस्क सोडवा.* इन्स्टॉलर तुम्ही निवडलेली डिस्क पूर्ण पुसतो, आणि यादीत सगळ्या डिस्क सारख्याच दिसतात. त्यामुळे इन्स्टॉल होईपर्यंत डेटाच्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. काढणं अजिबात शक्य नसेल तर कागदावरचा सिरियल नंबर आणि डिस्कचा आकार दोन्ही जुळवून मगच पुढे जा. डेटा जाण्याचं पहिलं ठिकाण हे.

*तेच व्हर्जन टाका.* जुन्या व्हर्जनची फाइल नव्या व्हर्जनवर सहसा चढते, कारण डेटाबेस आपोआप नव्या रचनेत नेला जातो. नव्याची फाइल जुन्यावर चढत नाही. तरी बूट डिस्क बदलणं आणि व्हर्जन बदलणं ही दोन कामं एकाच दिवशी करू नका. काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं ते कळत नाही. कोअरची फाइल स्केलवर नेता येते, पण तो प्रवास एकाच दिशेचा आहे. शिवाय कोअरमधलं जुनं जीईएलआय एन्क्रिप्शन स्केलवर उघडत नाही, तेव्हा तसा पूल असेल तर आधी त्याचा बंदोबस्त करा.

*डिस्क परत लावा, मग अपलोड करा.* इन्स्टॉल झाल्यावर सर्व्हर बंद करा, डेटाच्या डिस्क लावा, सुरू करा. नव्याने ठरवलेल्या अॅडमिन पासवर्डने आत या. स्टोरेजच्या पानावर पूल दिसणार नाही आणि नवा पूल तयार करायचा पर्याय मात्र समोरच असेल. त्याला हात लावू नका. नवा पूल म्हणजे त्या डिस्कवरचं आधीचं सगळं पुसलं जाणार. डेटा जाण्याचं दुसरं ठिकाण हे.

सरळ सिस्टम, जनरल सेटिंग्ज, मॅनेज कॉन्फिगरेशन, अपलोड फाइल. टार फाइल निवडा. सर्व्हर रीबूट होतो, आणि डेटाबेसची रचना बदलायची असेल तर त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. ब्राउझरमध्ये काही दिसत नाही म्हणून वीज बंद करू नका. लावलेल्या मॉनिटरवर काय चाललंय ते बघत राहा.

*लॉगिन आता जुनं.* इन्स्टॉल करताना दिलेला पासवर्ड आता चालणार नाही. यूजर आणि पासवर्ड फाइलमधले, म्हणजे तुमचे पूर्वीचेच. टू फॅक्टर लावलं असेल तर तेही परत येतं. त्यासाठी मशीनचं घड्याळ बरोबर असावं लागतं, आणि नव्या किंवा बॅटरी संपलेल्या मदरबोर्डचं घड्याळ हमखास चुकीचं असतं. बायॉसमध्ये जाऊन वेळ तपासा.

*वेब इंटरफेस उघडतच नाही?* मदरबोर्ड किंवा नेटवर्क कार्डही बदललं असेल तर याची शक्यता मोठी आहे. आयपी पत्ता फाइलमध्ये नेटवर्क इंटरफेसच्या नावाला बांधलेला असतो. नव्या हार्डवेअरवर इंटरफेसचं नाव बदलतं, जुन्या नावाचं कार्ड सापडत नाही आणि सर्व्हर नेटवर्कवर येतच नाही. बाकी सगळं व्यवस्थित चाललेलं असतं, पण दुसऱ्या कॉम्प्युटरवरून वाटतं की मशीन मेलं. अशा वेळी मॉनिटरवर आकडे टाकलेला कन्सोल मेनू दिसतो. त्यातल्या पहिल्याच पर्यायातून नेटवर्क इंटरफेस निवडून त्याला जुना पत्ता द्या. मेनूच्या खाली वेब इंटरफेसचा पत्ता छापून येतो. तो ब्राउझरमध्ये टाका. त्याच मेनूत कॉन्फिगरेशन रीसेट करायचाही पर्याय आहे, तेव्हा आकडा बघून दाबा.

८. चढल्यावर या क्रमाने तपासा

आधी स्टोरेज: प्रत्येक पूल ऑनलाइन आहे का, डिस्कची संख्या जुळते का. एखादा पूल ऑफलाइन दिसला तर बहुधा केबल नीट बसलेली नसते. सर्व्हर बंद करून केबल बघा, पूल डिलीट करायला जाऊ नका.

मग एन्क्रिप्टेड डेटासेट. सीड बरोबर असेल तर किल्लीवाले आपोआप उघडतात. कुलूप दिसत असेल तर अनलॉक दाबून जेसन फाइल द्या. पासफ्रेजवाले हातानेच उघडायचे.

त्यानंतर एक शेअर दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडा, एक फाइल वाचा, एक लिहा. दुसऱ्या यूजरनेही करून बघा. अॅक्टिव्ह डिरेक्टरीला (ऑफिसच्या यूजरची एकत्रित यादी ठेवणाऱ्या विंडोज सेवेला) जोडलेला सर्व्हर असेल तर तिची स्थिती हेल्दी दिसते का ते बघा. नसेल तर पहिला संशय पुन्हा घड्याळावर घ्या.

शेवटी वेळापत्रकं. एक स्नॅपशॉट, एक रेप्लिकेशन आणि एक क्लाउड सिंक हाताने चालवा. एक टेस्ट मेल पाठवा. सीड चुकलं असेल तर ते इथे उघडं पडतं: कामं यादीत दिसतात, पण लॉगिन नाकारलं जातं. सगळं ठीक असेल तर लगेच नवी फाइल उतरवा, नव्या इंटरफेसच्या नावासकट.

९. गरज पडण्याआधी एकदा चढवून बघा

व्हर्च्युअल मशीनमध्ये तेच व्हर्जन टाकून फाइल अपलोड करून बघणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. डेटाच्या डिस्क तिथे नसतील, पूल ऑफलाइन दिसतील, ते साहजिकच आहे. यूजर, शेअर आणि कामांच्या याद्या परत आल्या का एवढंच बघायचं.

पण त्या व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क पूर्ण तोडून ठेवा. फाइलमध्ये खऱ्या सर्व्हरचा आयपी पत्ता आहे, त्यामुळे दोन मशीन एकाच पत्त्यावर भांडतील. त्याहून गंभीर म्हणजे फाइलमध्ये क्लाउड सिंक, रेप्लिकेशन आणि क्रॉन जॉबही आहेत, चालू अवस्थेत, खऱ्या पासवर्डसह. ती कामं ठरल्या वेळी सुरू व्हायला बघणार. चाचणीसाठी बनवलेल्या रिकाम्या मशीनने तुमच्या क्लाउडवरच्या प्रतीला हात लावता कामा नये. चाचणी झाली की ते मशीन डिस्कसकट पुसून टाका, कारण त्यातही सीड आहे.

१०. फाइल घेतलीच नव्हती तर

डेटा गेलेला नाही, तेव्हा आधी घाबरून काही दाबू नका. नवं इन्स्टॉलेशन करा, डिस्क लावा आणि स्टोरेजच्या पानावरून इम्पोर्ट पूल निवडा. एन्क्रिप्टेड डेटासेट असतील तर जेसन फाइल किंवा पासफ्रेज लागेलच.

पूल आत आला की एक आशा असते. ट्रूनॅस स्वतःहून रोज डेटाबेसची एक प्रत सिस्टम डेटासेटमध्ये ठेवतं, आणि हा डेटासेट साधारणपणे पूलवर असतो. शेलमधून वार, डीबी, सिस्टम (/var/db/system) या मार्गाने गेलात की कॉन्फिग्जने (configs) सुरू होणारं एक फोल्डर दिसतं. त्यात व्हर्जनप्रमाणे तारखांच्या फाइल असतात. सगळ्यात ताजी फाइल उतरवून अपलोड करता येते. तिच्यात सीड नाही असं धरूनच चाला आणि पासवर्ड पुन्हा भरायची तयारी ठेवा.

तीही मिळाली नाही तर शेअर आणि यूजर हाताने बनवावे लागतात. इथे कागदावरचे यूआयडी आणि जीआयडी कामी येतात. फाइलवर मालकाचं नाव नसतं, आकडा असतो. नव्या यूजरचं नाव तेच ठेवून आकडा वेगळा पडला तर त्याला स्वतःच्याच फाइल उघडता येत नाहीत. यूजर बनवताना यूआयडीची चौकट बदलता येते, तिथे जुना आकडा टाका. कागदही नसेल तर शेलमध्ये फाइलची यादी आकड्यांसकट काढा. कुठल्या फोल्डरवर कुठला आकडा आहे ते बघून यूजर एकेक करून जुळवता येतात, आणि परवानग्या नव्याने लावायची वेळ येत नाही.